मापे तुझ्याकडे आहेतच

प्रिय नोहा,

सर्वप्रथम क्षमा मागते. मी तुला पत्र लिहावे इतकी आपली ओळख आहे का, याचा दोन दिवस विचार केला आणि नाही, याच निष्कर्षाला आले. तरीही लिहिते आहे. ‘प्रिय’ या शब्दासाठी वेगळी क्षमा. शाळेत पत्रलेखन शिकवताना मैत्रिणीला ‘प्रिय’ आणि बाकी सर्वांना ‘माननीय’ असे सांगितले होते. तू दोन्हींत बसत नाहीस, आणि ‘माननीय नोहा’ असे लिहून पाहिले तेव्हा माझे मलाच हसू आले. चार महिने मी तुला ‘तुम्ही’ म्हणत आले आणि तू मला ‘मॅडम’. या पत्रात मी ‘तू’ लिहिणार आहे. आवडले नाही तर तसे सांग, पण संपूर्ण वाचून झाल्यावर सांग. उद्या रविवारी तू तुझ्या आईबरोबर, मरियाकाकूंबरोबर, राहुरीला मुलगी बघायला जाणार आहेस, म्हणून हे पत्र आजच तुझ्या हाती पडायला हवे. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. कागदावर मात्र मी कुणाला घाबरत नाही.

आधी कामाची बातमी. सोमवारी महाविद्यालयातले प्रदर्शन आवरताना तू दोन पांढऱ्या साड्यांच्या घड्या घातल्यास आणि त्या दोन कापडी पिशव्यांत ठेवल्यास. एक साडी माझ्या आईची, एक तुझ्या आईची. तू माझ्या हातात दिलेली पिशवी मी गुरुवारी संध्याकाळी श्रीगोंद्याला घरी आणली. आईने हात धुतले, कोरडे केले, साडी पलंगावर उलगडली आणि पदराचा कोपरा शोधला. तिच्या लग्नात तो कोपरा मांडवाच्या खिळ्याला अडकून फाटला होता आणि नंतर तिने तिथे रफू करून घेतले होते. एक कोपरा पाहिला, मग दुसरा पाहिला, मग साडी उजेडाला धरली. म्हणाली, “ही माझी न्हाई गं.” रफू कुठेच नव्हते. पण पदराच्या वरच्या काठाला, डोक्यावरून घेतला की जिथे कान येईल तिथे, टाचण्यांची बारीक भोके होती, एका ओळीत. मी तिला सांगितले की ख्रिस्ती लग्नात नवरीच्या डोक्यावर जाळीचा व्हेल असतो, तो तिथे टाचतात. आईने त्या भोकांवरून बोट फिरवले. मग विचारले, “ह्यांची पन पांढरीच व्हय?” तर नोहा, तुझ्या आईची साडी आमच्याकडे आहे आणि माझ्या आईची तुमच्याकडे. डोळे मिटून बोटांनी कापड ओळखणारा शिंपी दोन साड्यांत चुकतो कसा, हा प्रश्न मी तुला विचारणार नाही. निदान या परिच्छेदात नाही.

तुला आठवते का, ऑक्टोबरात मी पहिल्यांदा तुझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिले होते? आमच्या महाविद्यालयाने देशातील प्रांतोप्रांतीच्या स्त्रियांच्या पारंपरिक वेशांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले आणि काम माझ्याकडे आले, कारण इतिहास विभागात नाही म्हणता न येणारी मी एकटीच. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. ग्रंथालयात या विषयावर जे होते ते वाचले, टिपणे काढली, नकाशा रंगवला. दालने राज्यांप्रमाणे न लावता क्रियापदांप्रमाणे लावावीत, ही कल्पना माझी. साडी आपण नेसतो, घागरा घालतो, ओढणी घेतो, शाल पांघरतो. प्रत्येक शब्दात अंगाचे कापडाशी निराळे नाते आहे. विभागप्रमुखांना हे समजावून सांगताना मी अनेकदा अडखळले, तरी त्यांनी ते मान्य केले. मग शिवायच्या कपड्यांचा कागद घेऊन कापड बाजारामागच्या बोळात योसेफ टेलर्सपाशी आले. तू कागद वाचलास आणि म्हणालास, “मॅडम, ह्यातलं निम्मं तर शिवायचंच नसतंय, नुसतं गुंडाळायचं. आमच्या पोटावर पाय द्यायला निघालात की.” यावर मला एक अतिशय चांगले उत्तर सुचले, पण ते माळीवाडा बसस्थानकावर पोचल्यानंतर. तेव्हापासून माझे असेच चालत आले आहे. तू म्हणतोस एका ठिकाणी आणि मला उत्तर सुचते दुसऱ्या ठिकाणी. हे पत्र त्या सगळ्या उशिरा सुचलेल्या उत्तरांचे आहे असे समज.

वस्तू मिळाल्या त्या भिंगारच्या लष्करी वसाहतीतून. नगरला छावणी आहे म्हणून सबंध देश आपल्या शेजारी क्वार्टरांत राहतो, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते. तुझ्या वडिलांनी, योसेफकाकांनी, तिथल्या बायकांचे कपडे शिवले आहेत, त्यांच्या नावावर आपल्याला दारे उघडली. तू बोलायचास, मी लिहून घ्यायचे. आसामच्या बाईंनी मेखला-चादर पलंगावर मांडली आणि काठावरचे फूल आत्याने विणले की मावशीने, यावर त्यांची फोनवर आईशी चर्चा सुरू झाली ती आपण चहा संपवेपर्यंत. कर्नाटकातल्या कोडगूच्या बाईंना मी विचारले की तुमच्या निऱ्या पाठीमागे का असतात. त्या साडी नेसून तडक जिना चढल्या, वरून म्हणाल्या, बघा, पायात काही येते का. बंगालच्या सासूबाईंनी पदराला किल्ल्यांचा जुडगा बांधून तो खांद्यावरून मागे फेकला आणि त्या आवाजाने सुना कशा सावध होत ते सांगून स्वतःच हसल्या. मला मात्र सर्वांत जास्त लक्षात राहिल्या केरळच्या बाई. त्यांची दुधाळ पांढरी, सोनेरी काठाची मुंडू-नेरियत पाहून मी म्हटले, सुंदर आहे. त्या म्हणाल्या, ओणमला ही नेसून मी इथल्या बाजारात गेले की माणसे माझ्याकडे दयेने बघतात. तुला आठवते, परतताना मी स्कूटरवर तुझ्या मागे बसले होते. मग भिंगार वेशीपाशी मी बोलले. म्हटले, माझ्या आईची लग्नातली साडीही पांढरीच आहे; आमच्या बौद्धांत नवरी पांढरे नेसते. तू स्कूटर बाजूला घेतलीस, गाडी बंद केलीस आणि मागे न बघता म्हणालास, “माझ्या आईची पन.” एवढेच. मग गाडी सुरू केलीस. पण प्रदर्शनात नवरी मुलींची रांग लावायची आणि त्यात लाल, हिरव्या, पिवळ्यांच्या बरोबरीने आपल्या दोघांच्या आयांच्या साड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हे तेव्हाच ठरले. ठरवले कुणी, ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि मग ते पुतळे. पुण्यातल्या बंद पडलेल्या एका दुकानाचे पुतळे तू टेम्पोत घालून आणलेस, आणि स्वस्तात मिळाले म्हणून दोन दिवस मान वर करून फिरत होतास. सगळ्यांचा चेहरा एक, एक हात कमरेवर, टाचा उचललेल्या. मेखला बसली, घागरा बसला, काश्मिरी फिरन तर त्यांना माझ्यापेक्षा शोभून दिसले. शेवटी राहिली आपली नऊवारी. ती नेसवायला कॅन्टीनमधल्या गोजरबाईंना बोलावले, कारण महाविद्यालयात रोज नऊवारी नेसून येणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी गाठ मारली, निऱ्या घातल्या, काष्टा मागे न्यायला हात घातला आणि हात तिथेच थांबला. पुतळ्याचे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत एकमेकांना चिकटलेले होते. गोजरबाईंनी वाकून पाहिले, मग तुझ्याकडे पाहिले. “हिचं पाय तर शिवल्यात. तू शिवलं का रं?” तू करवत आणलीस, पाय वेगळे करू म्हणालास, आणि पहिल्याच ओढीत पुतळ्याचा गुडघा तुझ्या हातात आला. गोजरबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे बाबा. हिला कुठं जायचंच न्हाई, तर काष्टा कशाला घालायचा?” त्या हसत होत्या, पण मला रात्रभर तेच वाक्य ऐकू येत राहिले. इतकी पुस्तके वाचली. निऱ्या किती, वार किती, काठ कुठला, सारे टिपले. पण हे कापड चालणाऱ्या बाईचे आहे, उसाच्या सरीतून, चढावरून, डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या बाईचे आहे, आणि म्हणून ते पाय मिटलेल्या अंगावर बसूच शकत नाही, हे मला पुतळ्याने शिकवले. दुसऱ्या दिवशी गोजरबाईंनी निकालही दिला: “जित्या बाईला नेसवा की. ही हाय न रिकामी.” बोट माझ्याकडे होते. त्यांना स्वतःला उभे राहायला सांगितले, तर म्हणाल्या, मी हुबी ऱ्हायले तर पोरांच्या भाकऱ्या कोन थापीन.

माझ्याकडे मापाचे ब्लाउज नव्हते, कारण मी कधी साडीच नेसत नाही. म्हणून तू मला घरी बोलावलेस. मरियाकाकू टेप घेऊन आकडे सांगत होत्या आणि तू भिंतीकडे तोंड करून लिहून घेत होतास. इतके सभ्य दृश्य मी आजवर पाहिलेले नाही. काकू दोनदा म्हणाल्या, “पोरी, ताठ उभी राहा. वाकून माप दिलंस तर ब्लाउजही वाकूनच बसेल.” मी प्रयत्न केला, जमले नाही. दहावीला केंद्रात पहिली आले तेव्हाही सत्काराच्या फोटोत माझे फक्त केस दिसतात. माप झाल्यावर काकूंनी मला केक दिला, माझ्या आईची चौकशी केली, आणि आडनाव ऐकल्यावर क्षणभर थांबून दुसरा तुकडा वाढला. त्या थांबण्याचा अर्थ मी लावत बसले नाही. दुसरा तुकडा मात्र लक्षात ठेवला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी नऊवारी नेसून चौथऱ्यावर उभी राहिले. लोक यायला लागले तशी मी इतकी घाबरले की हालचाल करणेच विसरले. तू शेजारी, मनगटाला टाचण्यांची उशी बांधून, दर थोड्या वेळाने हळूच विचारत होतास, “मॅडम, श्वास चालू हाय ना?” मग नेवाशाकडच्या बचत गटाच्या बायका आल्या. शनिशिंगणापूरला दर्शन करून त्या नगरला उतरल्या होत्या. त्यांच्यातल्या एक वयस्क मावशी माझ्यासमोर थांबल्या, जवळ आल्या, माझा गाल चाचपला आणि मागे वळून म्हणाल्या, “लई हुबेहूब केलाय गं पुतळा. नाकावर घाम बी आनलाय बघ.” नोहा, मी तरीही हलले नाही. बोलण्यापेक्षा पुतळा असणे मला सोपे वाटले. त्या पुढे गेल्या, नवऱ्यांच्या रांगेपाशी पोचल्या, आणि आपल्या दोन साड्यांसमोर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, “हितं नवऱ्यांत ह्या पांढऱ्या कपाळाच्या दोघी कशाला हुब्या केल्या? शकुन-अपशकुन काय हाय का न्हाई?” बाकीच्या बायका मान डोलवू लागल्या. माझी आई लग्नात बावीस वर्षांची होती. त्या साडीत ती इतकी आनंदात होती की खिळ्याने पदर फाटलेला तिला दुसऱ्या दिवशी कळला. ते आठवून मी चौथऱ्यावरूनच बोलले, “मावशी, त्या नवऱ्याच आहेत. ती डावीकडची माझ्या आईची लग्नातली साडी आहे.”

दालनात काय झाले ते तू पाहिलेस. एक बाई “आगं बया, बोलतोय की” म्हणून दुसरीच्या अंगावर पडली. मावशी मात्र खंबीर. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आल्या आणि विचारले, “तुमच्यात पांढरं नेसत्यात व्हय?” तो ‘तुमच्यात’ मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत तो ऐकला की मी पुस्तकात डोके घालत असे. त्या दिवशी हातात पुस्तक नव्हते आणि तोंड लपवायला ओढणीही नव्हती. मी म्हटले, “होय. आमच्यात पांढरेच नेसतात. आमच्यात ते शुभ आहे.” त्यांनी बोट दुसऱ्या साडीकडे नेले. “आन् ही कुनाची?” तू पुढे आलास. “माझ्या आईची. आमच्यात बी पांढरंच.” त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, पुन्हा त्या दोन साड्यांकडे, आणि हिशेब जुळल्यासारख्या म्हणाल्या, “मंग तुमचं बरं हाय की. एकाच साडीत भागल.” आणि घागरे बघायला निघून गेल्या. मी पुन्हा पुतळा झाले. तू उशीतल्या टाचण्या काढून पुन्हा एकेक करून त्याच जागी खोवत बसलास. त्यानंतर दिवसभर मी लोकांशी बोलत राहिले, तमिळ बायकांची मडिसार आणि आपली नऊवारी यांतले नाते सांगत राहिले, विभागप्रमुख म्हणाले की तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. तूही त्यानंतर त्या दिवशी पुन्हा मला मॅडम म्हणाला नाहीस. निघताना म्हणालास, “यशोधरा, काष्टा सोडायच्या आधी एकदा त्या दारापर्यंत चालून दाखव.” मी चालून दाखवले.

म्हणून सोमवारचे तुझे बोलणे मला नीट समजले नाही. साडीची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता तू म्हणालास की आई राहुरीच्या एका स्थळाचे म्हणते आहे, रविवारी बघायला जायचे आहे, “बघायला काय जातंय”. मग तू थांबलास. घडी झालेली साडी पुन्हा मोडलीस आणि पुन्हा घातलीस. मी काही बोलेन म्हणून तू थांबला होतास, हे मला कळले, पण ते श्रीगोंद्याच्या गाडीत बसल्यावर. त्या क्षणी मी फक्त “छान” म्हटले. आता तू विचार कर, इतक्या शब्दांतून मला तोच एक मिळावा.

गुरुवारी आईने तुझ्या आईच्या साडीवरून हात फिरवला आणि सहज विचारल्यासारखे विचारले, “घडी कुनी घातली? लई निगुतीनं घातलीय.” मी सांगितले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, “तुझ्या बापाला तूच सांग. मी मधी पडनार न्हाई.” काल दुपारी वडील कारखान्यातून पाळी संपवून आले. तू त्यांना ओळखत नाहीस. रंगनाथ नाव, उसाच्या पाकाच्या वासाचे कपडे, बोलणे मोजके, आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. माझा अबोलपणा त्यांच्याकडूनच आला असे लोक म्हणतात. मी त्यांच्यासमोर बसले आणि सारे सांगितले, पुतळ्यांपासून साड्यांपर्यंत. त्यांनी विचारले, “धर्म बदलायचा म्हनतोय का?” मी म्हटले, नाही, आणि मीही त्याला बदल म्हणणार नाही. “मंग लगीन कसं लावायचं?” नोंदणी कचेरीत. आणि नंतर विहारातही जाऊ, चर्चमध्येही जाऊ, जिथे आशीर्वाद मिळतील तिथे. मी माझे संशोधन पुरे करणार, नोकरी करणार, नाव यशोधराच राहणार. एका दमात बोलले. ते जेवले, ताट उचलून मोरीत ठेवले, बाहेर जाऊन आले. मग उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “त्या पोराला इचारलं का पर?” मी म्हटले, अजून नाही. वडिलांनी आईकडे पाहिले. आई इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. “म्हंजी आपलं तिघांचं ठरलं, आन् नवरदेवाला पत्त्याच न्हाई.”

तर नोहा, हे पत्र ते विचारण्यासाठी आहे. राहुरीला एक मुलगी उद्या कोणती साडी नेसायची याचा आजच विचार करत असेल. तिने ती नेसल्यानंतर तू मनात दुसरेच काही ठेवून तिच्यासमोर बसणे तिच्यावर अन्यायाचे होईल, म्हणून उत्तर आजच हवे. पिशवीत तुझ्या आईची साडी आहे. मरियाकाकूंना ती दे, आणि माझ्या आईच्या साडीतले रफू त्यांना दाखव. त्यांची आणि माझ्या आईची ओळख तिथूनच सुरू होऊ दे. पुढचे बोलणे तुझे, कारण ती तुझी आई. पिशवीच्या तळाशी पांढऱ्या कापडाचा एक तुकडा आहे, काल संध्याकाळी आईने स्वतः बाजारातून आणलेला. तुझे उत्तर नाही असेल तर तो तुकडा आणि माझ्या आईची साडी तशीच परत पाठव. मी कारण विचारणार नाही, आणि कापड बाजारातून जाताना तोंडही फिरवणार नाही. उत्तर होय असेल तर माझ्या आईची साडी तुझ्याकडेच राहू दे आणि त्या तुकड्याचे तिच्यावरचे ब्लाउज शिव. त्या मावशी म्हणाल्या तसे एकाच साडीत भागते का, ते पाहू. मापे तुझ्याकडे आहेतच. फक्त ती मी वाकून उभी असतानाची आहेत, तेवढे ध्यानात घेऊन काप. आणि एक राहिले. ही पिशवी घेऊन आलेले, या क्षणी तुझ्यासमोर बाकावर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असलेले गृहस्थ माझे वडील आहेत. ते पँट शिवायला आलो म्हणतील. त्यांना पँटची गरज नाही. तू उद्या मुलगी बघायला जाणार होतास, ते आजच मुलगा बघायला आले आहेत. त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो.

तुझे उत्तर येईपर्यंत तरी, तुझीच,

यशोधरा

शनिवार, दि. ७ फेब्रुवारी २०२६. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी श्रीगोंदा बसस्थानकावर, नगरच्या गाडीत बसणाऱ्या वडिलांच्या हाती दिले.